उणे अंशांतली पेशी : प्रस्तावना

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, पेशीत बहुतांश पाणीच असते, तेव्हा गोठलेली पेशी आतून फुटून मरत असणार, हे स्पष्टीकरण शाळेपासून आपल्या कानांवर पडलेले असते. ते इतके सोपे आणि पटणारे आहे की जीवशास्त्राचे पदवीधरही पुष्कळदा त्याच्यापुढे जात नाहीत. यीस्टच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चुकीचे ठरते. पाच-सहा मायक्रॉन व्यासाची ही पेशी सावकाश गोठवली तर तिच्या आत बर्फ होतच नाही. ती फुगण्याऐवजी आक्रसते, आणि तिला जे सोसावे लागते ते थंडीपेक्षा कोरडेपणाचे असते. या पुस्तकातली सगळी प्रकरणे या एका उलट्या वाटणाऱ्या गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती सुरुवातीलाच नीट पाहून घेऊ.

सूक्ष्मदर्शकाला थंड करता येणारा मंच जोडून यीस्टचा एक थेंब पाहिला, तर घटनाक्रम समोर उलगडतो. तापमान शून्याच्या खाली गेले तरी थेंब लगेच गोठत नाही. पाणी काही काळ अतिशीत अवस्थेत द्रवच राहते. मग कुठेतरी पहिला स्फटिक जमतो आणि बर्फाच्या फांद्या सरसर पसरतात. बर्फाच्या जाळीत फक्त पाण्याचे रेणू बसतात. क्षार, साखर, माध्यमातले बाकी सगळे काही बाहेर ढकलले जाते. त्यामुळे फांद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागांत उरलेला द्रव अधिकाधिक खारट होत जातो, आणि यीस्टच्या पेशी नेमक्या त्याच जागांत अडकलेल्या असतात. लोणच्यासाठी मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, तसे या पेशींना पाणी सुटू लागते. पेशीच्या आतले पाणी मात्र अजून द्रव असते, कारण अखंड पेशीपटल बाहेरच्या स्फटिकाला आत शिरू देत नाही. ही अडवणूक उणे १०, कधी उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते.

आता सगळे वेगावर अवलंबून राहते. थंडी सावकाश वाढत असेल तर पेशीला पाणी बाहेर टाकायला अवधी मिळतो. ती बारीक होत जाते, आतला द्रव दाट होतो आणि त्यात बर्फ जमण्याची शक्यता कमी कमी होत जाते. थंडी झपाट्याने आली तर पाणी आतच कोंडले जाते आणि आतल्या आत गोठते. मोठ्या पेशींत, उदाहरणार्थ उंदराच्या बीजांडात, हे फार स्पष्ट दिसते. आत असंख्य बारीक स्फटिक तयार होऊन प्रकाश विखुरतो आणि इतका वेळ पारदर्शक असलेली पेशी एका क्षणात काळी पडते. काळी पडलेली पेशी पुढे सहसा वाचत नाही. पण फार सावकाश गोठवणेही सुरक्षित नाही. मग पेशी दाट क्षारांच्या संगतीत, आक्रसलेल्या अवस्थेत, नको तितका वेळ राहते. तिची प्रथिने एकमेकांना चिकटतात, पटलाचे थर एकमेकांवर दाबले जातात. घाई झाली तर आतल्या बर्फाने मरण, उशीर झाला तर कोरडेपणाने.

या दोन वाटा वेगळ्या ओळखायला विज्ञानाला बराच काळ लागला. १९४९ मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून जिवंत ठेवण्याच्या खटपटीत होते. साखरेच्या द्रावणांनी काही साधत नव्हते. मग एका बाटलीतल्या द्रावणाने अचानक यश आले. बाटलीवरची चिठ्ठी साखरेची होती; आतले द्रावण तपासल्यावर त्यात ग्लिसरॉल निघाले. चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीची ही हकिकत बहुतेक पुस्तकांत रंगवून सांगितली जाते. मला मात्र तिच्यापेक्षा त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉक यांनी पुढे १९५३ मध्ये केलेले काम जास्त मोलाचे वाटते. पृथ्वीला एक सजीव व्यवस्था मानणाऱ्या 'गाया' कल्पनेमुळे नंतर जगभर माहीत झालेले ते हेच लव्हलॉक. त्यांनी तांबड्या रक्तपेशींवर दाखवून दिले की गोठताना होणारी इजा मुख्यतः दाट झालेल्या क्षारांमुळे होते, आणि ग्लिसरॉल त्या दाटपणाला आळा घालते. यश का आले हे कळल्यावरच ते दुसऱ्या पेशींवर पुन्हा मिळवता येते.

आणि इथे यीस्ट पुढे येते. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीटर मेझर यांनी १९६० च्या दशकात यीस्टच्या पेशी वेगवेगळ्या गतीने गोठवल्या, वेगवेगळ्या गतीने वितळवल्या आणि किती वाचतात ते मोजले. १९६३ मध्ये त्यांनी एक गणित मांडले : दिलेल्या वेगाने तापमान उतरत असेल तर पेशीतून पाणी किती झपाट्याने बाहेर पडेल आणि आत बर्फ होण्याची शक्यता किती उरेल. पेशीचा आकार, तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि पटलातून पाणी झिरपण्याचा वेग एवढे ठाऊक असले की उत्तर काढता येते. यीस्टसाठी बरा वेग मिनिटाला दहा अंशांच्या आसपास निघतो. तांबड्या रक्तपेशीतून पाणी फार वेगाने जाते, म्हणून तिच्यासाठी तोच आकडा मिनिटाला हजारो अंशांच्या घरात जातो. या विचाराच्या बळावर १९७२ मध्ये डेव्हिड व्हिटिंगहॅम, स्टॅन्ली लीबो आणि मेझर यांनी उंदराचे भ्रूण गोठवून पुन्हा जिवंत केले. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे गोठवलेल्या मानवी भ्रूणातून पहिले बाळ जन्मले. आज गावोगावच्या वंध्यत्व उपचार केंद्रांत द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या दिसतात. त्यांच्यामागच्या विचाराचा एक मोठा भाग पाव फुगवणाऱ्या या बुरशीवर घासून पारखला गेला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. हे पुस्तक लिहावेसे वाटले त्यातले ते एक कारण.

मेझर यांचे आणखी एक निरीक्षण या पुस्तकाचा कणा आहे. उणे १९६ अंशांवर, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, पेशीत जवळपास काहीच घडत नाही. तिथे रासायनिक क्रियांना लागणारी ऊर्जाच नसते. महिना ठेवा की दहा वर्षे, फरक फारसा पडत नाही. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात, साधारण उणे १५ ते उणे ६० अंशांच्या दरम्यान. आणि हा पट्टा पेशीला दोनदा ओलांडावा लागतो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. म्हणून 'यीस्ट इतक्या थंडीत कसे राहते' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. विचारायचे ते असे : पेशी त्या वाटेला लागली तेव्हा कोणत्या स्थितीत होती, आणि परत आल्यावर तिची काय अवस्था झाली?

आधी पाण्याच्या वाटेबद्दल. पाण्याचे रेणू पटलातून आपोआप झिरपतात, पण त्यांच्यासाठी खास प्रथिनांचे मार्गही असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांचा शोध तांबड्या रक्तपेशीतच लागला आणि त्यासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यीस्टमध्येही ॲक्वापोरिनची जनुके आहेत. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की पावाच्या यीस्टच्या ज्या वाणांत ही जनुके जोमाने चालतात ते वाण गोठण जास्त सोसतात, आणि ती मुद्दाम जास्त चालवली तर सोसण्याची ताकद वाढते. पाणी झटकन बाहेर गेले की आत बर्फ होत नाही, इतके सरळ.

मग प्रश्न पडतो की ही जनुके सगळ्याच वाणांत शाबूत का नाहीत. अनेक वाणांत ती निकामी झालेली आढळतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ऑड्री गॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचे जे उत्तर दिले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. उत्तर अमेरिकेतल्या ओक वृक्षांवर आणि त्यांच्या बुंध्याजवळच्या मातीत राहणाऱ्या यीस्टला दर हिवाळ्यात गोठण-वितळण भोगावे लागते. तिथे ॲक्वापोरिन कामाला येते. द्राक्षांच्या गोड रसात राहणाऱ्या यीस्टची अडचण वेगळी असते. बाहेर साखर दाट, पेशीतले पाणी बाहेर ओढले जाण्याची भीती कायमची. तिथे पाण्याचे मार्ग उघडे असणे हा तोटा ठरतो आणि ज्यांची ही जनुके मोडली तेच वाण बळावतात. म्हणजे थंडीतली ताकद आणि गोडव्यातली ताकद एकाच पेशीत सहज नांदत नाहीत. कोकण-गोव्यातल्या माडाच्या सुरेत वाढणाऱ्या यीस्टला बर्फ आयुष्यात भेटत नाही. अशा उष्ण प्रदेशातल्या वाणांची गोठण-क्षमता पद्धतशीर तपासणे हे आपल्या विद्यापीठांतल्या एखाद्या विद्यार्थ्याने मनापासून हाती घ्यावे असे काम आहे.

आता ट्रेहॅलोज. ही ग्लुकोजच्या दोन रेणूंची साखर. दोन्ही रेणू आपल्या क्रियाशील टोकांनीच जोडलेले असल्यामुळे ती प्रथिनांशी सहसा झोंबत नाही. १८३२ मध्ये राय धान्यावरच्या अर्गट बुरशीत ती प्रथम सापडली. उपासमार झालेली यीस्टची पेशी आपल्या कोरड्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के किंवा त्याहूनही जास्त ट्रेहॅलोज साठवते. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने १९८० च्या दशकापासून मांडले की पाणी निघून जाते तेव्हा पटलातल्या मेदरेणूंच्या डोक्यांपाशी ट्रेहॅलोज पाण्याची जागा घेते, म्हणून पटलाची मांडणी ढासळत नाही. शिवाय दाट झालेला ट्रेहॅलोजचा द्रव स्फटिक न होता काचेसारखा थिजतो आणि प्रथिनांना जागच्या जागी धरून ठेवतो. एक बारकावा सहसा सुटतो : पटल वाचायचे तर ही साखर त्याच्या दोन्ही बाजूंना हवी, नुसती आत असून भागत नाही.

पण सगळे श्रेय ट्रेहॅलोजला देण्याची घाई मला मान्य नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी दाखवले की उष्णतेसह कित्येक ताणांत खरी मदत त्या साखरेची नसून ती बनवणाऱ्या एन्झाइमच्या प्रथिनाची असते. साखर बनवता न येणारे पण शाबूत प्रथिन पेशीत असले तरी ती तगते. त्याच वर्षी बर्कलेत डग्लस कोशलँड यांच्या गटाने कोरडेपणाबाबत वेगळाच निकाल दिला. पेशीत नुसते ट्रेहॅलोज वाढवले तरी ती सुकणे सोसते, असे त्यांना आढळले. दोन्ही कामे काळजीपूर्वक केलेली आहेत. ताण वेगळा, तशी गरज वेगळी, असे मी त्यातून घेतो. गोठणात कोरडेपणाचा वाटा मोठा असल्यामुळे माझा कल बर्कलेच्या बाजूला आहे. तिसऱ्या प्रकरणात दोन्ही बाजू सविस्तर दिल्या आहेत. वाचकाने आपले मत स्वतः बनवावे.

वाटेला लागण्यापूर्वीच्या स्थितीचा सर्वांत ठळक पुरावा बेकरीत मिळतो. भरपूर खाऊन झपाट्याने विभागणारी पेशी, जिला प्रयोगशाळेत लॉग फेजमधली म्हणतात, गोठणाला फार नाजूक असते. अन्न संपून स्थिरावलेली, स्टेशनरी फेजमधली पेशी तेच गोठण पुष्कळ चांगले सोसते. यीस्टच्या कारखान्यातून निघते ते यीस्ट या दुसऱ्या स्थितीत असते, ट्रेहॅलोजने भरलेले. ते पिठात मळले, त्याला साखर मिळाली आणि किण्वन सुरू झाले की काही मिनिटांतच चित्र पालटते. पेशीत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक वाढतो, ट्रेहॅलोज फोडणारे एन्झाइम जागे होते, साठा जाळला जातो आणि गोठण सोसण्याची ताकद ओसरते. म्हणून गोठवलेल्या कणकेच्या व्यवसायात पीठ थंड पाण्यात मळतात आणि किण्वन रंगात येण्याआधीच गोठवतात. उशीर झाला की वितळल्यावर कणीक फुगत नाही. शिवाय मेलेल्या पेशींतून ग्लुटाथायोन बाहेर पडते, ते ग्लुटेनचे बंध सैल करते आणि पाव बसका होतो. जोमाने किण्वन चालू असतानाही ताकद न गमावणारे यीस्ट मिळावे म्हणून ल्यूव्हेनच्या योहान थेव्हलाइन यांच्या गटाने असे उत्परिवर्ती वाण शोधून काढले. त्यातल्या एकात चक्रीय एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातच बदल निघाला. म्हणजे ताकद ओसरण्याचा धागा तिथवर जाऊन पोहोचतो.

जर्मनीत ड्रेस्डेन इथे सायमन अल्बर्टी यांच्या गटाने २०१६ मध्ये आणखी एक पदर दाखवला. उपाशी यीस्टच्या पेशीतला द्रव आम्ल होतो आणि नंतर तो द्रवासारखा न वागता घट्ट, घनासारखा वागू लागतो. अशा विसाव्याच्या स्थितीत पेशी टिकाव धरते. हे डोळ्यांसमोर ठेवून बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातले, शशी थुटुपल्ली यांच्या गटाचे काम वाचावे. त्यांनी यीस्टच्या पेशी पुन्हापुन्हा गोठवल्या, वितळवल्या, वाचलेल्यांना वाढवले आणि पुन्हा गोठवले. थोड्याच फेऱ्यांत जगण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. वेगवेगळ्या वंशांत जनुकांतले बदल सारखे नव्हते, तरी पेशी सगळीकडे एकाच प्रकारच्या स्थितीला पोहोचल्या. ट्रेहॅलोज जास्त, पेशी जास्त ताठ, वागणूक विसावलेल्या पेशीच्या जवळची. गोठण सोसण्याचे एकच जनुक शोधणाऱ्यांनी हा निकाल गंभीरपणे घ्यावा. प्रत्येक जनुक एकेक काढून टाकलेल्या यीस्टच्या संग्रहावर जपानी संशोधकांनी २००७ मध्ये केलेली चाळणीही तेच सुचवते. त्यात पेशीभित्तिका बांधणारी जनुके निघाली, रिक्तिकेत आम्लता राखणारा पंप निघाला. एकच कळीचे जनुक असे निघाले नाही.

वितळण्याबद्दल पुस्तकात एकच प्रकरण आहे, तरी ते वगळू नये. वितळणे सावकाश झाले तर बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि शेवटच्या क्षणी पेशी फाडतात. म्हणूनच वायल ३७ अंशांच्या पाण्यात धरून हलवत झटपट वितळवतात. दुसरे नुकसान ऑक्सिजनमुळे होते. सिडनीतल्या इयन डॉव्ज यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की गोठण-वितळणात ऑक्सिजनची मुक्त मूलके तयार होतात, आणि त्यांचा निचरा करणारे सुपरऑक्साइड डिस्म्यूटेझ ज्या पेशींत नाही त्या फार मोठ्या संख्येने मरतात. वितळलेली पेशी जिवंत दिसली म्हणून वाचली असे धरू नये. मिथिलीन ब्लू टाकले की मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग उडवून टाकते. पण रंग उडवणाऱ्या कित्येक पेशी पुढे विभागत नाहीत. म्हणून नमुना दहा-दहापट विरल करत त्याचे थेंब प्लेटवर ओळीने ठेवायचे, ३० अंशांवर दोन दिवस थांबायचे आणि वसाहती मोजायच्या. पहिल्या थेंबाच्या जागी गच्च पांढरा ठिपका, मग विरळ होत जाणारे ठिपके, आणि शेवटच्या जागी एखाददुसरी टपोरी वसाहत. खरा हिशेब तिथे लागतो.

अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी बर्फाला चिकटून त्याची वाढ रोखणारी प्रथिने बनवणारे यीस्टही आहे. तो स्वतंत्र विषय आहे, त्याला इथे फक्त स्पर्श केला आहे. आपल्या ओळखीच्या सॅक्रोमायसेसपाशी, म्हणजे पावाच्या यीस्टपाशी, असले प्रथिन नाही, आणि त्यावाचून ती इतकी मजल मारते हेच मला सांगायचे होते.

पुस्तकाचा शेवटचा भाग महाविद्यालयीन शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून यीस्टचे ओळखीचे वाण मागवता येतात. अडचण येते ते सांभाळताना. २० टक्क्यांच्या आसपास ग्लिसरॉल, स्टेशनरी फेजमधल्या पेशी आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर असला की वाण वर्षानुवर्षे टिकतो. नुसत्या उणे २० च्या फ्रीझरवर विसंबू नये. त्यातही आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर असेल तर तो ठरावीक वेळाने स्वतःला किंचित तापवतो. दिवसभर वीज गेली की तेच होते. प्रत्येक वेळी पेशी त्या मधल्या पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन येतात. ज्यांच्याकडे उणे ८० ची सोय नाही त्यांनी तिरप्या अगारवर वाढवलेल्या यीस्टवर निर्जंतुक केलेले खनिज तेल ओतून नळी चार अंशांवर ठेवावी आणि वर्षातून एकदा नव्या नळीत उतरवून घ्यावी. कृती परिशिष्टात दिली आहे. तिला साधा फ्रिज पुरतो.